पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि पडद्यावरची त्सुनाडे

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला की स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असा आपला शिरस्ता आहे. कोणी पाककृती देते, कोणी कानबाईची गाणी उतरवून देते, कोणी यात्रेचे वर्णन लिहिते. यंदा माझ्या वाट्याला एका थोर स्त्रीचे चरित्र आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरचे सारे आवरून दुपारी वाचनालयातले पुस्तक उघडणारी बाई. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. पोळपाट बाजूला सारून लिहिलेले आहे असे समजून वाचावे.

२०२५ साली पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. म्हणून मी त्यांचेच चरित्र घेतले. पण मी वही उघडून बसले तशी घरातल्या मुलींनी मध्येच एक नवे काढले. त्यांचे म्हणणे असे की राज्य करणाऱ्या बायकांत सर्वांत बलवान म्हणजे त्सुनाडे. ही त्यांच्या जपानी कार्टूनमधली बाई. ती एका ठोशात डोंगर फोडते, तर तुमच्या अहिल्याबाईंपाशी कोणती शक्ती होती, असे त्यांनी मला विचारले. प्रश्न पोरींचा असला तरी उडवून लावण्यासारखा मला वाटला नाही. एवढेसे मनुष्यबळ, त्यात बाई, त्यातही विधवा, आणि अठ्ठावीस वर्षे राज्य केले, ते कशाच्या जोरावर, हे आपणही कधी नीट विचारत नाही. फोटोला हार घालतो आणि पेढे वाटतो. म्हणून चरित्र सांगता सांगता पोरींच्या प्रश्नाचे उत्तरही शोधावे असे मी ठरवले.

आधी ही त्सुनाडे कोण ते सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळजणींनी तिचे नावही ऐकले नसेल. जपानात किशिमोतो नावाच्या चित्रकाराने १९९९ पासून २०१४ पर्यंत, अशी पंधरा वर्षे, नारुटो नावाची चित्रकथा एका साप्ताहिकातून चालवली. तिच्यावरून हलती चित्रे निघाली. मुले त्याला अ‍ॅनिमे म्हणतात, आपण कार्टून म्हणू. त्यातली पात्रे आता हिंदीत बोलतात आणि आपली मुले जेवणाच्या पाटावर यायला तयार नसतात इतकी त्यांत रंगतात. त्या कथेत एक गाव आहे. गावच्या प्रमुखाला होकागे म्हणतात. जुन्या काळचा गावचा पाटील आणि फौजेचा सरदार एकाच माणसात कल्पावा म्हणजे होकागे समजला. पहिले चार होकागे पुरुष झाले. पाचवी त्सुनाडे. त्या गादीवर बसलेली पहिली बाई.

तिच्या मुठीत एवढे बळ आहे की तिने जमिनीवर ठोसा मारला तर जमीन दुभंगते. पण ती नुसती पैलवान नव्हे. तिच्या तोडीचा वैद्य त्या मुलखात नाही. तिच्या कपाळावर शंकरपाळ्याच्या आकाराची, टिकलीएवढी एक खूण आहे. त्या खुणेत ती वर्षानुवर्षे आपली शक्ती थेंबाथेंबाने साठवते आणि मोठे संकट आले की मोकळी करते.

मी मुलींबरोबर बसून तिची कथा पाहिली तेव्हा मला तिच्या ठोशापेक्षा तिचे दुःख जास्त खरे वाटले. तिचा धाकटा भाऊ लढाईत गेला. ज्याच्याशी संसार करायचा तो मनुष्यही लढाईत गेला, आणि तोही तिच्या हातांखाली, ती उपचार करीत असताना. त्यानंतर वैद्य असूनही रक्त दिसले की तिला कापरे भरू लागले. ती गाव सोडून निघून गेली. जुगार खेळत, हरत, कर्ज करीत वर्षानुवर्षे हिंडली. पुढे तिला शोधून आणले, समजावले, आणि तेव्हा कुठे ती गादीवर बसली.

घरची माणसे गमावलेली बाई गावाचा भार उचलते, एवढी ही गोष्ट आहे. आणि ही गोष्ट जपानी चित्रकाराने कल्पनेने काढली, त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी ती आपल्याकडे खरोखर घडून गेली होती.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे, आणि त्याचा जिल्हा, जुना अहमदनगर, २०२४ सालापासून बाईंच्याच नावाने अहिल्यानगर झाला आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. आईचे नाव सुशीलाबाई. त्या काळी मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती, पण ही मुलगी लिहावाचायला शिकली. १७३३ साली, म्हणजे आठव्या वर्षी, तिचे लग्न मल्हारराव होळकरांच्या एकुलत्या एक मुलाशी, खंडेरावांशी झाले. गावाशेजारी मुक्काम पडला असता मल्हाररावांनी देवळात या मुलीला पाहिले आणि तिथेच सून म्हणून पसंत केली, असे सांगतात.

इथे आपल्या खानदेशाचा संबंध येतो, तो अभिमानाने सांगावासा वाटतो. मल्हारराव मूळचे जेजुरीजवळच्या होळ गावचे. पण वडील लवकर वारल्यामुळे त्यांची आई त्यांना घेऊन माहेरी आली, ती सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या तळोद्याला. मामा भोजराज बारगळ यांच्या घरी ते वाढले. पुढे मामांचीच मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. म्हणजे अहिल्याबाईंची सासू ही खानदेशची लेक. १७३४ साली गौतमाबाईंच्या नावाने वेगळी जहागीर मिळाली, तिला खासगी म्हणत. ते उत्पन्न घरच्या बाईचे. त्याचा हिशोब बाई ठेवणार आणि खर्चही बाईच करणार. ही खासगी पुढे सासूकडून सुनेकडे आली. काशीपासून सोमनाथापर्यंतची जी देवळे आणि घाट आपण अहिल्याबाईंचे म्हणून पाहतो त्यांचा खर्च मुख्यत्वे याच खासगीतून झाला. सासूने सुनेच्या हाती नुसत्या किल्ल्या दिल्या नाहीत, कारभार दिला, हे आपण सासवांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

१७४५ साली अहिल्याबाईंना मुलगा झाला, त्याचे नाव मालेराव. १७४८ साली मुलगी झाली, तिचे नाव मुक्ताबाई. आणि १७५४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, बाईंवर आकाश कोसळले. भरतपूरजवळ जाटांच्या कुंभेरी किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अहिल्याबाई सती जायला निघाल्या. त्सुनाडेने दुःखात गाव सोडला. अहिल्याबाईंना तशी वाट मोकळी नव्हती. दुःखातून सुटायची एकच वाट समाजाने ठेवली होती, ती चितेवरून जाणारी. पण मल्हारराव आडवे आले. पासष्टीकडे झुकलेला, शेकडो लढाया पाहिलेला तो सुभेदार सुनेपुढे रडला. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, या म्हाताऱ्याला टाकून जाऊ नकोस, अशी त्याने विनवणी केली. बाई थांबल्या.

भगिनींनो, इथे घटकाभर मीही थांबते. रूढी केवढी मोठी होती! शास्त्री तिच्या बाजूने, आप्तेष्ट तिच्या बाजूने, लोक तिच्या बाजूने. तिच्यापुढे कोणाच्या मुठीचे बळ चालले नसते. तिथे सासऱ्याचा एक शब्द चालला. तो शब्द दरबारात बोललेला नव्हता, घरच्या माणसाने घरच्या माणसाला सांगितलेला होता. तो बोलला गेला नसता तर पुढचे काहीच झाले नसते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. मल्हाररावांनी सुनेला नुसते थांबवले नाही, थांबल्यावर करायला काम दिले. स्वतः ते वर्षाचे आठ-दहा महिने मोहिमेवर असत. मागे वसुली, खर्च, लोकांचे तंटे, फौजेला लागणारे सामान, हे सारे त्यांनी सुनेवर सोपवले. त्यांची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्था कशी करावी याच्या सूचना ते सुनेला लिहितात. ज्या बाईचे कपाळ पांढरे झाले म्हणून तिने कोपऱ्यात बसायचे, तिच्याकडे त्यांनी तोफा पाहायला दिल्या. १७६१ साली पानिपताचा घात झाला आणि त्याच वर्षी गौतमाबाई वारल्या. त्यानंतर तर घर आणि दौलत दोन्ही अहिल्याबाईंच्या अंगावर पडले.

१७५४ ते १७६६ अशी ही बारा वर्षे. त्सुनाडे कपाळावरच्या खुणेत शक्ती साठवते असे मुली सांगतात. अहिल्याबाईंच्या कपाळावर खूण नव्हती, कुंकूही नव्हते. त्यांची शक्ती साठत होती ती हिशोबाच्या कागदांत, पत्रांत, कोणता अंमलदार खरा आणि कोणता खोटा या पारखेत. कोणाला दिसली नाही, कारण घरात बसून काम करणाऱ्या बाईची शिल्लक कोणी मोजत नाही. संकट आले तेव्हाच ती दिसली.

संकट यायला वेळ लागला नाही. २० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर येथे वारले. मालेरावांना सुभेदारी मिळाली, आणि वर्ष पुरते न पुरते तोच १७६७ साली मालेरावही गेले. सासरा गेला, नवरा आधीच गेलेला, आता एकुलता मुलगा गेला. बाईंचे वय तेव्हा बेचाळीस. मी हे लिहिते आहे तेव्हा मीही चाळिशीतच आहे, म्हणून हा आकडा मला फार जवळचा वाटला.

घरचा जुना दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड याने तेव्हा डाव मांडला. बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतः देवधर्म करीत बसावे, आणि कारभार त्याने पाहावा, असा त्याचा सल्ला होता. बाईंनी तो मानला नाही. मी एकाची बायको आणि एकाची आई, गादीवर कोण बसवायचा हे मी ठरवीन, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तेव्हा चंद्रचूडाने राघोबादादांना निरोप धाडला की इथे मालक नाही, फौज घेऊन यावे. दादा फौजेसह उज्जैनच्या बाजूला आले.

त्सुनाडे असती तर ठोसा मारून मोकळी झाली असती. बाईंनी काय केले पाहा. त्यांनी पत्रे लिहिली. महादजी शिंदे, नागपूरकर भोसले, गायकवाड या सरदारांना कळवले की आज माझ्यावर आले आहे, उद्या तुमच्या घरावर येईल. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. इकडे तुकोजी होळकरांच्या हाताखाली फौज उभी केली आणि क्षिप्रेच्या काठी पाठवली. आणि राघोबादादांना असा निरोप गेल्याचे सांगतात की मी बाई हरले तर मला कोणी हसणार नाही, पण आपण बाईशी लढून हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माधवरावांनी बाईंचा हक्क मान्य केला. मग दादांनी आपण मालेरावांच्या दुखवट्याला आलो आहोत असे सांगितले आणि पाहुणे म्हणून राहून परत गेले. रक्ताचा थेंब न सांडता राज्य वाचले. ती बारा वर्षांची शिल्लक अशी उपयोगी पडली.

फौजेचे काम तुकोजींकडे देऊन बाईंनी मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला आणि राजधानी नेली ती महेश्वरला. आपल्याकडून सातपुडा ओलांडला की खरगोण लागते, पुढे नर्मदा, आणि नर्मदेच्या पलीकडच्या काठावर महेश्वर. तिथे त्यांनी बाहेरून विणकर आणून बसवले. आज लग्नाच्या बस्त्यात आपण जी माहेश्वरी हौसेने घेतो तिला थारा त्यांनी दिला.

त्यांचा दिवस कसा जाई हे माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले आहे. बाईंच्या नंतर पंचवीस-तीस वर्षांनी तो माळव्यात होता. बाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांना विचारून त्याने माहिती जमवली आणि १८२३ साली पुस्तक छापले. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, अन्नदान, मग स्वतःचे साधे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार सुरू होई तो सायंकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा आणि फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. दरबारात पडदा नसे. कोणीही येऊन गाऱ्हाणे सांगावे. आपण गृहिणी हे वेळापत्रक वाचून मनात म्हणू की हे तर आपलेच, फक्त आपल्या घराच्या जागी एक राज्य होते.

विधवांच्या बाबतीत त्यांनी केले ते मला सर्वांत मोठे वाटते. निपुत्रिक मनुष्य मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करायची, निदान त्यातला मोठा वाटा नजराणा म्हणून घ्यायचा, अशी त्या काळी अनेक ठिकाणी रीत होती. बाईंनी ती चालू दिली नाही. नवऱ्याचे धन बायकोचे, तिला वाटल्यास तिने दत्तक घ्यावा, सरकारला एक पैसा नको. देवीचंद नावाचा एक सावकार निपुत्रिक वारला तेव्हा तुकोजींच्या मनात त्याचे द्रव्य घ्यायचे आले. त्याची विधवा महेश्वरला आली. बाईंनी तिचे ऐकून घेतले आणि तुकोजींना हात आवरायला लावला. खरगोणच्या दोन सावकार भावांच्या विधवांनी तर आपण होऊन सारे द्रव्य बाईंपुढे आणून ठेवले. बाईंनी ते घेतले नाही. लोकांच्या उपयोगी कामात खर्च करा असे सांगितले. एका विधवेच्या हातात सत्ता आली तेव्हा तिने दुसऱ्या विधवांच्या हातात त्यांचेच धन राहू दिले.

भिल्लांची हकीकत तर आपल्या धरणगावकरांनी मुद्दाम वाचावी. सातपुडा-विंध्याच्या वाटांवर भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी प्रथम कडक उपाय केले. मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता, त्याला भिलकवडी म्हणत. तो त्यांनी मान्य केला, आणि त्याच्या बदल्यात वाट राखण्याची व चोरी झाली तर माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. पडीक जमीन कसायला लावली. बाईंच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १८२५ साली, इंग्रजांना खानदेशात हीच गोष्ट करावी लागली. आधी बंदुका चालवून पाहिल्या, आणि मग आउट्रम या लेफ्टनंटने भिल्लांचीच पलटण उभारली, तिचे ठाणे आपल्याच धरणगावात होते. ज्याला आपण बाहेर ठेवतो त्याला काम आणि विश्वास दिला की तो आपला होतो, हे बाईंना आधी कळले होते. कारण सासऱ्याने तेच त्यांच्याशी केले होते.

आता मुलींच्या त्सुनाडेचा एक प्रसंग सांगते. तिच्या गावावर महाभयंकर हल्ला होतो. तेव्हा ती शत्रूला मारायला धावत नाही. कपाळावरची साठवलेली सारी शक्ती ती मोकळी करते. तिच्यापाशी एक प्रचंड गोगलगाय आहे, तिचे शेकडो तुकडे होऊन एकेक गावकऱ्याला चिकटतात, आणि त्यांच्यामार्फत ती सगळ्यांच्या जखमा भरते. स्वतः मात्र म्हातारी दिसू लागते आणि बेशुद्ध पडते. हा प्रसंग पाहताना मला खासगीची आठवण झाली. अहिल्याबाईंनीही आपली शिल्लक अशीच देशभर वाटली. १६६९ साली पाडलेले काशीविश्वेश्वराचे देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभे केले. १७८३ साली सोमनाथाला नवे देऊळ बांधले. १७८७ साली गयेचे विष्णुपद मंदिर झाले. काशीला मणिकर्णिकेचा घाट, आपल्या जवळ वेरूळचा घृष्णेश्वर, आणि ठिकठिकाणी विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे. यातले पुष्कळसे त्यांच्या राज्याच्या हद्दीबाहेर आहे. जिथून वसुलीचा एक रुपया येत नव्हता तिथल्या वाटसरूसाठी त्यांनी पाणी केले.

वेळ पडली तेव्हा शस्त्रही उचलले. १७८७-८८ च्या सुमारास रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केले, ते महेश्वराहून फौज पाठवून त्यांनी मोडले. पण तलवार हे त्यांचे नेहमीचे हत्यार नव्हे.

इथपर्यंत वाचून मुली म्हणाल्या की मग तुमच्या बाईच जिंकल्या. पण अजून एक वर्ष सांगायचे आहे, १७९१ चे.

मुलगी मुक्ताबाई हे बाईंचे उरलेले एकच अपत्य. तिचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. तिचा मुलगा नथोबा आजीच्या डोळ्यांसमोर वाढला आणि तरुणपणीच वारला. पाठोपाठ १७९१ साली यशवंतरावही गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली.

माळव्याची मालकीण, जिच्या शब्दावर फौजा हलत, ती मुलीच्या पाया पडली. मला एकटी टाकू नकोस म्हणून विनवू लागली. मुलीने शांतपणे सांगितले की तुझे वय झाले, तू आता फार दिवस राहणार नाहीस, मग मला मागे कोण. बाईंचे काही चालले नाही. त्या नर्मदेच्या काठापर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांना दोन्हीकडून धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांना चावे घेतले. स्नान करून वाड्यात परतल्या आणि तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, बोलल्या नाहीत. ही हकीकत माल्कमने प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून घेतली आहे. मी ती वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. त्या दिवशी पुढे वाचवले नाही.

त्यानंतर बाई साडेतीन-चार वर्षे जगल्या, काम करीत राहिल्या, आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरला त्यांनी देह ठेवला.

त्सुनाडेचा ठोसा डोंगर फोडतो. अहिल्याबाईंच्या राज्याला राघोबादादांची फौज हलवू शकली नाही. पण रूढी नावाची गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे ती मूठही उपयोगाची नाही आणि ती गादीही. तिच्यापुढे राणी हरली. सती बंद करण्याचा कायदा बंगालमध्ये १८२९ साली झाला, आपल्या मुंबई इलाख्यात १८३० साली. मुक्ताबाईनंतर अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी. कायद्याने चिता विझली. पण तिची धग घराघरांतून अजून आहे, आणि ती आपल्याला ठाऊक आहे.

२०२२ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की गावात नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे बंद. तिला समारंभातून बाजूला ठेवणेही बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव पंचायतीत झाला हे चांगले झाले. पण कुंकू पंचायतीत पुसले जात नाही, घरात पुसले जाते, आणि पुसणाऱ्या आपण बायकाच असतो.

आता आपल्या मंडळाचे बोलते, आणि कोणी राग मानू नये. आपल्या मंडळात एक ताई आहेत. बचत गटाचा पैन् पैचा हिशोब त्या ठेवतात. बँकेत त्या जातात, कर्जाचे हप्ते त्या लक्षात ठेवतात, सहलीची गाडी त्याच ठरवतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र त्या मागच्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत बसतात. त्यांना कोणी हाकलत नाही. कोणी पुढे बोलावतही नाही. आणि ज्या भिंतीला टेकून आपण हळदीकुंकू लावतो त्याच भिंतीवर अहिल्याबाईंची तसबीर आहे. पांढरे वस्त्र, हातात शिवाची पिंडी, आणि कपाळी कुंकू नाही. तसबिरीतली विधवा आपल्याला चालते, तिला आपण हार घालतो. मागच्या खोलीतली चालत नाही.

मल्हाररावांनी दोन गोष्टी केल्या. थांब म्हणाले आणि काम दिले. आपण ताईंना काम दिले आहे, तेवढे आपले अर्धे झाले. उरलेला एक शब्द बोलायचा राहिला आहे.

म्हणून माझे मागणे असे आहे. येत्या संक्रांतीला मंडळाचे आमंत्रण प्रत्येक सभासद बहिणीला एकाच शब्दांत जावे. हळदीकुंकवाचे तबक प्रत्येकीपुढे फिरवावे. लावून घ्यायचे की नुसते तिळगूळ घ्यायचे हे जिचे तिने ठरवावे, आग्रहही नको आणि वगळणेही नको. वाण सर्वांना सारखेच असावे. आणि पहिले वाण आपल्या हिशोबनीस ताईंच्या हातात पडावे. घरी सासूबाई काय म्हणतील अशी कोणाला भीती वाटत असेल तर त्यांना कुंभेरीची गोष्ट सांगावी. तिथे आडवा आला तो सासराच होता.

मार्गशीर्षातल्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला एक हात लागतो. तो कोणाचा असेल ते आजच मनाशी ठरवून यावे, एवढी विनंती करून लेख पुरा करते.